जिवंत माणसाच्या फोटोचा हार

९ सप्टेंबर

आज उल्हासच्या फोटोला हार पडला. घातला कुणी, तर त्यानेच.

अल्बुकर्कीच्या शूटिंगहून संध्याकाळी परतला आणि चहा होईपर्यंतही त्याला धीर नव्हता. मालिकेत तो एका मोटेलवाल्या मराठी कुटुंबाचा बाप आहे. म्हणजे होता. मागच्या सीझनच्या शेवटी काउंटरमागेच छातीत कळ येऊन गेला. आता दुसऱ्या सीझनभर तो त्या भिंतीवर फोटो होऊन लटकणार. प्रॉप्स सांभाळणाऱ्या मेगनने फोटोपुढे मेणबत्ती आणि फुलदाणी ठेवली होती. साहेबांना ते बघवेना. आमच्यात हार असतो, तोही चंदनाचा, हे त्याने तिला समजावलं. मग इथल्या इंडियन ग्रोसरीतून हार विकत नेला आणि आज सगळ्या सेटसमोर स्वतःच्या हाताने स्वतःच्या फोटोला घातला. वर कुंकवाचं बोटही टेकवलं.

"पितृपक्षात?" मी म्हटलं. "जिवंतपणी?"

"अगं शुभा, ऑथेंटिक नको का दिसायला? मेगन इतकी इमोशनल झाली, यार."

मी शाळेत गणित शिकवते. शकुन-अपशकुन मी मानत नाही. पण हे मला अजिबात आवडलं नाही. लेकीने, शिवांगीने दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती, तिच्यात पहिलं लिहायला हेच मिळालं.

१२ सप्टेंबर

आमच्या इथे चँडलरमधली चिप-कारखान्याची चांगली नोकरी सोडून उल्हास नट झाला त्याला आता बरीच वर्षं झाली. मंडळाच्या नाटकात तो नायक असायचा, अमेरिकन पडद्यावर तो 'डॉक्टर नंबर दोन' असतो. टॅक्सीवाला, फार्मासिस्ट, लिफ्टमधला माणूस. आणि पुष्कळदा तो मरतो. गोळी लागून, विमानात, एकदा तर पहिल्याच मिनिटाला तळ्यात तरंगताना सापडला. मग ओळखीचे फोन करतात, छान मेलात म्हणून. हा बापाचा रोल मिळाला तेव्हा पहिल्यांदा त्याच्या पात्राला नाव होतं.

मी त्याची 'रीडर'. हल्ली ऑडिशनला कुणी कुठे जात नाही. घरातच निळी चादर लावायची, फोनवर टेप करायची आणि पाठवायची. समोरच्याची वाक्यं कुणीतरी कॅमेऱ्यामागून वाचावी लागतात. त्याच्या मुलाची, बॉसची, त्याच्या खुन्याचीसुद्धा वाक्यं मीच वाचली आहेत, भाजी चिरता चिरता.

आज त्यांनी त्याचा स्कॅन घेतला. एका गोल खोलीत उभं करून चहूबाजूंनी कॅमेरे लावले, चेहऱ्यावर ठिपके काढले, हसवलं, रडवलं. या सीझनमध्ये बाप भूत होऊन मुलाला दिसणार आहे आणि ते भूत या स्कॅनवरून बनवणार. आता त्याने सारखं विमानाने यायची गरज नाही. शेवटी डायरेक्टर म्हणाला, तुझ्या भाषेत बोल, काहीही, मुलाला ती भाषा येत नाही असंच दाखवायचंय. जवळच्या माणसाशी बोलल्यासारखं बोल.

"काय बोललास?"

"असंच. घरातलं."

"माझ्याबद्दल?"

"तुझ्याशिवाय घरात आहे कोण?"

सेटवर मराठी कळणारं एकही माणूस नाही. मुलगा झालेला पोरगा टोरोंटोचा पंजाबी आहे, मुलगी झालेली न्यू जर्सीची तेलुगू. शिव्या दिल्या असत्या तरी कुणाला पत्ता लागला नसता. उल्हास मात्र न जेवताच झोपला. ऑगस्टपासून त्याचं पोट बिघडलंय. सेटवरचं खाणं, दुसरं काय.

२८ सप्टेंबर

दारावरच्या बेलला कॅमेरा आहे. शिवांगीने मागच्या दिवाळीला बसवून दिला. तो चेहरे ओळखतो आणि स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर इंग्रजीत सांगतो, शुभा दारात आहे, उल्हास दारात आहे. नेहमी येणारी माझी मैत्रीण उपासनासुद्धा त्याला पाठ आहे.

आज मी पोळ्या करत होते. स्पीकर म्हणाला, अनोळखी व्यक्ती दारात आहे.

काचेतून पाहिलं तर उल्हास. हातात दुधाचा कॅन. मी दार उघडेपर्यंत तो कॅमेऱ्याकडे बघत उभा होता, शाळेत हजेरीला नाव न घेतलेल्या मुलासारखा.

"ओळखलं नाही मला," तो म्हणाला.

"उन्हाने असेल."

पुन्हा बाहेर जाऊन आला. पुन्हा अनोळखी. टोपी काढून आला, चष्मा काढून आला. मी हसत होते, तिसऱ्या वेळेला हसू थांबलं. त्या गोल खोलीतल्या कॅमेऱ्यांनी याचं तोंड काढून तर घेतलं नाही, असं काहीतरी डोक्यात आलं. गणिताच्या बाईंच्या डोक्यात.

७ ऑक्टोबर

त्याची अंगठी आज सिंकमध्ये पडली. नुसती घरंगळून पडली, आणि तो भांडं घासत राहिला. मीच उचलली. बोटात घालायला गेले तर बोटाचं नुसतं हाड हाताला लागलं.

"भुताला थोडं बारीक व्हावं लागतं," तो म्हणाला.

भूत तर स्कॅनचं आहे. ते गुबगुबीतच राहणार. मग हा कुणासाठी वाळतोय?

कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा चिकटवलेला होता. प्रॉडक्शनच्या इन्शुरन्ससाठी रक्त घेतलं म्हणाला. फिनिक्सला ऑडिशनला म्हणून आताशा दर आठवड्याला जातो. मी म्हटलं, आता कुणी प्रत्यक्ष बोलावत नाही ना? तर म्हणे, मोठा रोल असेल तर बोलावतात. मोठा रोल मिळू दे बाई. मला तर त्या हाराचाच संशय येतो. तिकडे फोटोवर तो दिवसेंदिवस लटकतोय आणि इकडे माझा माणूस कमी कमी होतोय. हे कुणाला सांगितलं तर मला शाळेतून काढतील.

१९ ऑक्टोबर

आज टेप केली. म्हणजे केली आणि पुसली.

बऱ्याच दिवसांनी त्याने निळी चादर काढली. या वेळचा सीन चक्क मराठीत होता. हाताने लिहिलेलं पान दिलं, प्रिंटर बिघडलाय म्हणाला. नवरा घरी येतो, बायको स्वयंपाक करतेय. मी बायको.

"एवढा उशीर का?" मी वाचलं.

"तुला एक सांगायचंय."

"सांग ना. गॅसवर भाजी आहे."

पुढे त्याचं वाक्य होतं, डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवले, फार दिवस नाहीत म्हणतात. तो ते म्हणेचना. माझ्याकडे बघत राहिला. मी "डॉक्टरांनी..." म्हणून सुरुवात करून दिली. तरी नाही. तीनदा घेतलं. शेवटी एकदा म्हणाला, पण इतकं सपाट, दूध संपलंय सांगितल्यासारखं.

मी नेहमीप्रमाणे स्पष्ट बोलले. बायकोला असं कुणी सांगतं का? आणि ही बाई तरी काय, नवरा डोळ्यांदेखत वाळतोय आणि हिला भाजीची पडलीय. लिहिणाऱ्याला बायका माहीतच नाहीत. इतकी मूर्ख कुणी नसते.

उल्हास हसायला लागला. हसत हसत चादरीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. मग म्हणाला, "नाही जमत मला हा सीन," आणि टेप पुसून टाकली. पान त्याने खिशात ठेवलं.

त्याला कुठलाही सीन जमला नाही असं याआधी झालेलं नाही.

२२ ऑक्टोबर

दिवाळीचं फराळाचं ताट द्यायला उपासनाकडे गेले. ती नागपूरची, इथे एका कॅन्सर हॉस्पिटलच्या फार्मसीत असते, आणि बोलायला लागली की मला घड्याळ बघावं लागतं. आज तिने ताट घेतलं, खाली ठेवलं आणि मला मिठी मारली. सोडेचना.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही शुभाताई. तुम्ही नीट जेवत जा. आणि काही लागलं तर मला कॉल करा. कधीही."

तिचा नवरा जगन्नाथ मागे उभा होता, तोही जमिनीकडे बघत. यांच्या घरात काहीतरी बिनसलेलं दिसतंय. विचारलं पाहिजे, पण कसं विचारायचं?

८ नोव्हेंबर

मी आगाऊपणा केला. उल्हास आंघोळीला गेला असताना त्याच्या एजंटला फोन लावला. डॅना तिचं नाव, नेहमी घाईत असते. त्या मराठी सीनचं काय झालं विचारलं. कुठला सीन, ती म्हणाली. तिने असलं काही पाठवलंच नव्हतं. उलट उल्हासनेच ऑगस्टमध्ये कळवलं होतं, हा सीझन सोडून मला काही पाठवू नकोस.

म्हणजे फिनिक्सच्या ऑडिशन खोट्या. सीनसुद्धा खोटा.

मी पलंगावर बसून राहिले. मग उलगडलं. याला कामं मिळेनाशी झाली आहेत आणि हा माझ्यापासून लपवतोय. रोज तयार होऊन कुठेतरी गाडीत बसून राहत असेल, नोकरी गेलेल्या माणसांसारखा. रात्रीच्या जेवणात मी त्याच्या आवडीची वांगी केली. दोन घास खाल्ले त्याने.

मेगनलाही ईमेल केली. लिहिलं, आमच्यात जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, चूक उल्हासची आहे, पण कृपा करून तो काढा. तिचं लगेच उत्तर आलं, फार गोड. हार आता अर्ध्या सीझनमध्ये दिसलाय, मध्येच नाहीसा झाला तर प्रेक्षक विचारतील. शूटिंग संपलं की फोटो हारासकट मी स्वतः तुम्हाला आणून देईन.

मला फोटो नकोय. मला माझा नवरा पहिल्यासारखा हवाय. हे ईमेलमध्ये लिहिता येत नाही.

२८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगला शिवांगी नोकरीच्या गावाहून, बॉथेलहून आली. काल जेवणानंतर तिने नव्या सीझनचं ट्रेलर टीव्हीवर लावलं.

मोटेलच्या काउंटरमागे फोटो, त्यावर हार, आणि फोटोखाली उल्हास उभा. भरलेले गाल, दाट भुवया. मान वळवली ती अगदी त्याच्यासारखी, डावा खांदा आधी. मुलाकडे बघून हसला. ते हसू त्या सीनमध्ये त्याने हसलेलंच नव्हतं, हा सीन घेतला त्या दिवशी तो चँडलरमध्ये माझ्याशेजारी बसून हरभरे सोलत होता. शूटिंगची तारीख मला ठाऊक आहे.

सोफ्यावरच्या उल्हासने शाल ओढून घेतली. टीव्हीवरचा ताजातवाना, घरातला पुसट. मला क्षणभर कळेना यातला मूळ कुठला.

"मॉम, इज बाबा ओके?" शिवांगीने स्वयंपाकघरात येऊन विचारलं. "ही लुक्स सो थिन."

"रोलसाठी केलंय त्याने."

"बट ही इजन्ट इव्हन इन इट. दॅट्स द स्कॅन."

"तू त्याला विचार ना मग."

"आय डिड. ही सेड आस्क युवर मदर, शी नोज एव्हरीथिंग."

मला सगळं माहीत आहे म्हणाला. मला काही माहीत नाही. मला भीती वाटते आहे, आणि कशाची ते सांगता येत नाही.

१७ जानेवारी

आज संक्रांतीचं हळदीकुंकू. भुताचा एपिसोड कालच लागला होता, पण मी तो राखून ठेवला होता. बायका येणारच आहेत तर पुरुषांनाही बोलवू, पावभाजी करू आणि दुपारी सगळ्यांनी मिळून बघू. ही कल्पना माझी. उल्हास नको म्हणाला होता. मी म्हटलं, तुझ्या करिअरमधला सगळ्यात मोठा एपिसोड आहे आणि तुला लाज कसली? तेव्हा तो म्हणाला, "बरं. बघू दे सगळ्यांना."

खोली भरली होती. मी सगळ्यांना हळदकुंकू लावलं, सगळ्यांनी मला लावलं. उपासना एरवीही कुंकू लावत नाही, तिला तिळगूळ आणि वाणाचा डबा दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला आणि माझ्या कपाळाकडे बघून मान खाली घातली. मग टीव्ही लावला.

मुलगा मोटेलच्या काउंटरवर एकटा बसलाय. हार घातलेल्या फोटोखाली बाप उभा राहतो. ओठ हलायला लागतात. खाली इंग्रजीत अक्षरं आली, वडील परक्या भाषेत पुटपुटतात.

"शुभा, ऐक," बाप म्हणाला.

कुणीतरी हसलं. वाटलं, गंमत केलीय.

"तुझ्यासमोर बोलता येत नाही म्हणून इथे बोलतोय. पोटाचं निघालं. लिव्हरपर्यंत गेलंय, ऑपरेशन होणार नाही म्हणाले. मी औषधंही फार घेणार नाहीये. वॉटर सॉफ्टनरमध्ये मीठ भरावं लागतं, ते तुला माहीत नाही. पिशवी जड असते, जगन्नाथला बोलव, लाजू नकोस. लिंबाला उन्हाळ्यात रोज पाणी घाल. शिवांगीला फोनवर सांगू नकोस, जाऊन सांग. आणि शुभा, मी एवढ्या लोकांबरोबर कामं केली, पण मला समोर कायम तूच दिसायचीस. तू वाचायचीस म्हणून मला बोलता यायचं. आता माझं मला बोलायचंय तर जमत नाहीये."

पडद्यावरच्या मुलाने डोळे पुसले. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं. आमच्या खोलीत सगळ्यांना सगळं कळलं.

जगन्नाथच्या हातातली प्लेट तशीच राहिली. उपासनाने रिमोट उचलला, टीव्ही बंद काही केला नाही, रिमोट नुसता धरून ठेवला. तिला माहीत होतं. तिच्या हॉस्पिटलमध्ये त्याला तिने पाहिलं होतं आणि तिला बोलायची परवानगी नव्हती. फिनिक्सच्या ऑडिशन म्हणजे ते हॉस्पिटल.

मी उल्हासकडे पाहिलं. तो टीव्हीकडे बघतच नव्हता. सुरुवातीपासून माझ्याकडे बघत होता.

लोक एकेक करून उठले. वाणाचे डबे टेबलावरच राहिले. चपला घालतानासुद्धा कुणी आवाज केला नाही.

"खरं आहे हे?" मी विचारलं.

"हो."

"सगळ्या अमेरिकेला सांगितलंस आणि मला नाही."

"अमेरिकेला कळलंच नाही, शुभा." मग म्हणाला, "एकच टेक झाला होता. मी त्यांना म्हटलं, हाच वापरा."

मला इतका राग आला आहे की अक्षर वाकडं येतंय. कपाळावरचं कुंकू मी पुसलेलं नाही. पुसणारही नाही.

१८ जानेवारी

सकाळी उठून मी निळी चादर लावली. त्याला तिच्यापुढे खुर्चीत बसवलं. माझी रीडरची खुर्ची समोर घेतली. फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला.

"आता सांग," मी म्हटलं. "कॅमेरा नाही. गॅसवर भाजी नाही."

त्याने सांगितलं. मध्ये अडला तेव्हा मी पुढचा शब्द पुरवला नाही, थांबले. सकाळभर लागला आम्हाला तो सीन. शेवटी म्हणाला, "त्या पानावरची बाई मूर्ख नव्हती गं."

"होती," मी म्हटलं.

उद्या मी बॉथेलचं तिकीट काढते. शिवांगीला जाऊन सांगायचं आहे.

२१ फेब्रुवारी

शिवांगी इथेच राहायला आली आहे. घरून काम करते, मध्येच उठून बाबाचे पाय चेपते. शेवटच्या दिवसांत घरी येऊन सेवा करणाऱ्या हॉस्पिसच्या लोकांनी पलंग बैठकीच्या खोलीत लावून दिला, खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं असा. जगन्नाथ काल पाण्याच्या सॉफ्टनरमध्ये मीठ भरून गेला. मला शिकवलंही, पण मी मुद्दामच नीट शिकले नाही. त्यालाच बोलवायचं ठरलं आहे ना.

दुपारी मी त्याच्यासाठी मऊ भात ढवळत होते. तो पलीकडे डोळे मिटून पडला होता. बेल वाजली आणि स्वयंपाकघरातला स्पीकर म्हणाला, उल्हास इज ॲट द फ्रंट डोअर.

डाव हातातून सुटला. गेल्या सप्टेंबरपासून त्या यंत्राने ते नाव घेतलं नव्हतं. मी धावत पलंगापाशी गेले. छाती वरखाली होत होती. त्याने डोळे उघडले. त्यानेही ऐकलं होतं.

"आलो वाटतं मी," तो म्हणाला. ओठांवर थोडं हसू होतं. "उघड. बाहेर ऊन आहे."

मला दाराकडे जाववेना. शिवांगी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होती. शेवटी कडी काढली.

दारात मेगन उभी होती. अल्बुकर्कीहून इतक्या लांब गाडी चालवत आली होती. शब्द दिला होता तिने, आणि उल्हासचं कळलंही होतं तिला. फोटोची भली मोठी चौकट छातीशी धरलेली, त्यामुळे तिचं स्वतःचं तोंड त्यामागे निम्मं झाकलं होतं. कॅमेऱ्यापुढे होता तो त्याचा चेहरा. गुबगुबीत गाल, दाट भुवया, कपाळावर वाळलेलं कुंकू. गळ्यात चंदनाचा हार.

तिने हळू आवाजात विचारलं, तो आहे ना अजून? मी मान हलवली. मग ती म्हणाली, पुढच्या सीझनमध्येही बाप ठेवलाय. आता सगळं आहे त्यांच्याकडे, चेहरा, आवाज, कुणाला यावं लागणार नाही. हे सांगताना तिला रडू फुटलं. मी तिला आत जायला वाट दिली, फोटो मात्र तिच्याकडून घेतला.

आतून त्याचा आवाज आला, "शुभा, कोण आहे?"

"तूच आहेस," मी म्हटलं.

मी चौकट उंबऱ्याबाहेरच भिंतीला टेकवली. हार काढला, पदराने कुंकू पुसलं, आणि मग त्याला आत आणलं.